पाच नंबरचा पाय

टपालवहिनीचा पाय साडेसहा नंबरचा होता आणि ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती. एक ती स्वतः आणि दुसरं टपाल कचेरीतलं तिचं लोखंडी कपाट.

बावीस वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरलं, तेव्हा लग्नातले बूट आणायचे म्हणून वन्संनी, म्हणजे होणाऱ्या थोरल्या नणंदेनं, तिला पायाचा नंबर विचारला. नेमक्या त्याच वेळी सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "मुलगी कशी नाजूक आहे, पाय तर बघा!" आता अशा वेळी साडेसहा म्हणायला जीभ रेटते का कुणाची? "पाच," ती म्हणाली. झालं! अगं बाई, माणसानं वय चोरावं, वजन चोरावं, पण पाय चोरून ठेवणार कुठे?

त्यात वन्सं पडल्या प्रेमळ. दर वाढदिवसाला दहा दुकानं पालथी घालून नवा जोड आणायच्या, नंबर पाच. सांगावं तर खोटारडी ठरणार, न सांगावं तर अंगठ्याचं नख काळंनिळं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! शेवटी तिनं वाट काढली. सकाळी पाचाचे बूट घालून लंगडत निघायचं, कचेरीत कपाटातले साडेसहाचे दणकट बूट चढवायचे आणि दिवसभर वाऱ्यासारखं हिंडत पत्रं वाटायची. संध्याकाळी पुन्हा पाच. वन्संकडे जायचं तर पाचच, तेही बोटं मुडपून, हसतमुखानं.

एका गोष्टीचं मात्र तिला फार वाईट वाटायचं. वन्सं बायकांच्या आइस हॉकी संघाच्या गोलकीपर होत्या आणि कप्तानही. टपालवहिनी माहेरच्या मागच्या गोठलेल्या तळ्यावर भावांबरोबर खेळून वाढलेली. वन्संनी एकदा तरी "येतेस का?" म्हणावं, म्हणून ती किती वर्षं वाट बघत होती. वन्सं सगळ्यांना विचारायच्या. दातांच्या डॉक्टरीणबाईंना तर दोनदा विचारलं, आणि त्या दोनदा नाही म्हणाल्या. हिला कधीच नाही. आपण आवडत नसू, दुसरं काय, असं म्हणून ती गप्प बसायची.

आणि मग गेल्या मंगळवारी एका घरचं कुत्रं तिच्या मागे लागलं. खांद्यावर पिशवी, हातात पत्रांचा गठ्ठा, अंगणभर बर्फ! ती त्या बर्फावरून अशी सुसाट घसरत गेली, कोपऱ्यावर अशी वळली आणि फाटकातून अशी निसटली, की कुत्रंच चार पाय फाकून आडवं झालं. समोरच्या खिडकीतून वन्सं हे सगळं बघत होत्या.

शनिवारी दुपारी त्या दारात हजर. "उद्या खेळतेस का? आमच्या एकीचं मनगट मोडलंय. आज संध्याकाळपर्यंत सहावं नाव दिलं नाही तर संघ बाद."

"हो!" वाक्य संपायच्या आत तिनं सांगून टाकलं.

"मग चल, स्केट्स मी घेऊन देते तुला."

स्केट्स म्हणजे पुन्हा पायाचा नंबर आलाच! पण नाही म्हणावं तर आयुष्यात पहिल्यांदा मिळालेलं बोलावणं हातचं जाणार. गेली बिचारी. वन्संच्या मागोमाग, लंगडत.

स्केट्सचं दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. भिंतीला हॉकीच्या काठ्या, कोपऱ्यात पात्यांना धार लावायचं यंत्र आणि गल्ल्याशेजारी, का कोण जाणे, एक भट्टी. दुकानाच्या मालकांना सगळे धारवाले काका म्हणत. काकांना ग्राहकापेक्षा ग्राहकाच्या पायात जास्त रस होता. तोंडाकडे ते बघतच नसत.

"बुटाचा नंबर?" काकांनी विचारलं.

"पाच!" वन्संनीच सांगितलं, तेही असं, की जणू पाय त्यांनीच घडवला होता.

"मग स्केट साडेतीन."

"साडेतीन?" टपालवहिनीचा आवाज चिरकला.

"बुटापेक्षा दीड नंबर कमी घ्यायचा असतो, ताई. बूट चालायला. स्केट पायाला चिकटून हवा, नाहीतर पाय एकीकडे आणि तुम्ही भलतीकडे."

साडेतीन नंबर लहान मुलांच्या फळीवर निघाला. त्यावर चांदण्या होत्या. टपालवहिनीनं डोळे मिटले, बोटं मुडपली, माहेरच्या सगळ्यांची आठवण काढली आणि जोर लावला. पाय अर्धा आत गेला आणि तिथंच बसला. पुढे जाईना, मागे येईना.

"कसं वाटतंय?" वन्सं म्हणाल्या.

"छान! थोडं... अंगाबरोबर."

"अहो, टाच बाहेर आहे!" काका ओरडले. मग काकांनी स्केट धरला, वन्संनी मागून टपालवहिनीची कंबर धरली आणि एक, दोन, तीन! स्केट निघाला, त्याच्याबरोबर मोजा निघाला, वन्सं स्केट्सच्या खोक्यांवर जाऊन बसल्या आणि बावीस वर्षं लपवलेला पाय उघडाबोडका काकांच्या हातात आला.

काकांनी तो उलटसुलट बघितला. "हा पाच? हा जर पाच असेल ना, तर मी उद्यापासून कोळंबी विकतो." त्यांनी तिला पाय मोजायच्या पट्टीवर उभं केलं. "साडेसहा. दोन्ही पाय."

टपालवहिनीला रडूच फुटलं आणि सगळं भडाभडा बाहेर आलं. सासूबाई, नाजूक मुलगी, कपाट, काळी नखं, सगळं. "चुकलं माझं, वन्सं. तुम्ही इतक्या प्रेमानं आणत होता. सांगायचं धाडसच झालं नाही."

वन्सं खोक्यांतून उठल्या. चेहरा लालबुंद.

"म्हणजे तू लंगडायचीस ती बुटांमुळे?"

"हो."

"अगं मूर्ख! मला वाटलं, तुझ्या कमरेत जन्माचा दोष आहे! विचारलं तर तुला वाईट वाटेल म्हणून बावीस वर्षं तुला संघात बोलावलं नाही मी! तुझ्यासमोर हॉकीचं नावसुद्धा काढायला जीभ रेटायची नाही माझी!"

टपालवहिनीला आता दुप्पट रडू आलं. आपण आवडत नव्हतो असं नव्हतंच मुळी. आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला होता, आणि तोही पाच नंबरचा.

"रडून पाय सुजतात," काका म्हणाले. "दुसरा जोड घाला."

हा जोड आत गेला. काकांनी पुढून चाचपलं. "बोटं सरळ करा."

"सरळच आहेत."

"मुडपलीयत. सवय लागलीय त्यांना." काकांनी विचार केला. "तुम्ही जरा भिंतीकडे तोंड करा हो, नणंदबाई."

वन्संनी मुकाट्यानं पाठ फिरवली. आणि खरंच, हळूहळू एकेक बोट उलगडलं. बोटांची टोकं पुढे जेमतेम टेकली. गुडघे वाकवले तर टाच मागे जाऊन घट्ट बसली. काकांनी तो जोड भट्टीत चार मिनिटं गरम केला, पुन्हा तिच्या पायात घालून नाड्या ओढल्या, आणि तो पायाच्या आकाराचा झाला.

"कितीचा आहे हो हा?" वन्सं भिंतीलाच विचारत्या झाल्या.

काकांनी खोका फिरवून बघितला. साडेसहातून दीड गेले. "पाच."

वन्सं गर्रकन वळल्या. "बघा! मी काय सांगितलं होतं? पाच!"

रविवारी त्यांचा संघ नऊ विरुद्ध शून्यानं हरला. टपालवहिनी अकरा वेळा पडली, एकदा तर पंचाला घेऊन. पण ती पळत होती, वळत होती, आणि मागे गोलात उभ्या वन्सं चेंडूकडे, म्हणजे त्या काळ्या चकतीकडे, अजिबात लक्ष न देता घसा फोडून ओरडत होत्या, "बोटं सरळ! अगं, बोटं सरळ!"