बिनसाखरेची कॉफी

मुकुंदरावांनी चपला काढल्या, खिशातला किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि श्वास रोखून ते वजनकाट्यावर चढले. काटा मेला गेल्या महिन्याच्याच आकड्यावर येऊन बसला.

"एवढ्या पोटावर मी सुरी चालवणार नाही," डॉक्टर म्हणाले. "हर्नियाचं ऑपरेशन आहे, खेळ नाही. संध्याकाळी एकदाच जेवता ना?"

"एकदाच, साहेब. दिवसभर नुसती बिनसाखरेची काळी कॉफी, तुमी सांगतली तशी. भूक मरते, पण पोट काही मरत नाही."

गांधीबागेतल्या दुकानात कापडाची गाठ उचलताना हल्ली त्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. ऑपरेशन आणखी लांबलं तर मालक दुसरा माणूस बघणार, हे उघड होतं. आता करावं तरी काय?

भिंतीला टेकलेली त्यांची बायको, गोपिका, तेवढ्यात मटकन खाली बसली. डॉक्टरांनी तिची नाडी पाहिली, पापणी ओढून पाहिली आणि तिलाही काट्यावर उभं केलं. काटा चाळीस किलोच्याही अलीकडे थांबला. मुळातच काडीसारखी बाई, तिची आता नुसती हाडं उरली होती.

"काहून वं, दुपारी जेवत नाहीस तू?" मुकुंदरावांचा आवाज चढला. "मी तुले सांगतलं होतं ना?"

"तुमच्या आंधी कशी जेवू? घास उतरत नाही," गोपिका म्हणाली. "तुमच्यासारखी कॉफी घेतो मी."

रस्ताभर त्यांनी तिला रागावून पाहिलं, समजावून पाहिलं, स्वतःची शपथही घातली. ती मान हलवत राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात, तिची मान कधी हो म्हणते आणि कधी नुसतीच हलते, हे त्यांना पक्कं ठाऊक झालं होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते न सांगता घरी आले. स्टोव्हवर कपभर पाणी उकळत होतं. पोळ्यांचा डबा घासूनपुसून पालथा घातलेला होता. त्यांना रडू यायचंच बाकी राहिलं.

त्यांनी सदरा खुंटीला लावला आणि दोन पाट मांडले.

"वाढ."

"आत्ता? अन् ऑपरेशन?"

"राहू दे ते. तुयंही ताट घे."

तिने घाईघाईने बेसन ढवळलं, पोळ्या लाटल्या. त्यांनी पहिला घास घेतला, तेव्हा कुठे तिने पोळीला हात लावला. पहिले चार घास तिने न चावताच गिळले. मुकुंदरावांना ते बघवेना.

आपलं ताट संपलं की तीही अर्ध्यावर उठणार, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी आणखी एक पोळी मागून घेतली.