दंड थंड होईपर्यंत

हंबीररावाचा दंड खरा किती इंच होता, हे सांगायचा अधिकार कोल्हापुरात फक्त मला आहे. मी बाबालाल, शिंपी. त्याच्या व्यायामशाळेसमोर माझं दुकान. बाकीचे लोक डोळ्यांनी माप घेतात आणि तोंडानं वाढवतात. मी टेपनं घेतो. माझ्या मापाला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. एकाहत्तर साली माझी एक टेप हरवली, तेव्हा मी अख्ख्या गल्लीला चोर ठरवलं होतं.

हंबीररावानं चौसष्ट साली म्हशींच्या गोठ्यात व्यायामशाळा काढली. जात्याच्या तळ्या, सिमेंट भरलेले तेलाचे डबे, न्हाव्यानं टाकून दिलेला तडकलेला आरसा, एवढं त्याचं भांडवल. म्हशी विकल्या, एक ठेवली, दुधासाठी. कुस्तीच्या गावात एक गडी आरशासमोर उभा राहून अंग कमावतो, हे लोकांना काही पचेना. पलीकडच्या तालमीतले केरबा वस्ताद तर येता-जाता ओरडायचे, "ही ताकद न्हवं रं, सूज हाय! डॉक्टरला दाखीव!"

हंबीरराव नुसता हसायचा. गल्लीतल्या बायका घट्ट बसलेली डब्यांची झाकणं त्याच्याकडून उघडून न्यायच्या. केरबा वस्तादांच्या घरचा डबासुद्धा यायचा, मागच्या दारानं. त्याला स्वतःच्या गळ्याचं बटण मात्र लावता येत नसे. हात तिथवर वळायचेच नाहीत. ते बटण त्याची बायको, शालूवहिनी, स्टुलावर चढून लावायच्या.

त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. अठरा इंची दंड.

"अठरा झाला की बोर्ड लावनार, बाबालाल. ह्या येवढ्या अक्षरात!" बोर्डाचा पत्रा त्यानं आधीच आणून ठेवला होता. शालूवहिनी त्यावर पापड वाळवायच्या.

दर रविवारी व्यायाम आटोपला की तो दंड फुगवून दुकानात यायचा. पण फुगलेलं माप मी घेत नाही. "बस. थंड होऊ दे," मी म्हणायचो आणि चहा सांगायचो. दंड थंड व्हायला अर्धा तास लागायचा. तेवढ्यात म्हशीचं गाभण राहणं, माझे गुडघे, कुणाच्या लग्नातलं जेवण, सगळं बोलून व्हायचं. एकदा तो दुकानामागं लपून पन्नास जोर मारून आत आला. मी घाम ओळखला आणि दोनदा चहा पाजला. मग टेप. "सव्वासतरा." त्याचा चेहरा पडायचा. तो माझ्या टेपला शिव्या द्यायचा आणि घरी जाऊन सहा अंडी खायचा.

सात वर्षांत सव्वासतराचा साडेसतरा झाला, मग पावणेअठरा. आणि तिथंच अडला. पुढची बारा वर्षं तो दर रविवारी आला, आणि मी दर रविवारी पावणेअठरा सांगितलं. तो भला माणूस, विचारेल त्याला सरळ सांगायचा, "पाव इंच ऱ्हायलाय."

गेल्या महिन्यात तो गेला. सकाळी वजन खाली ठेवून टेकला, तो उठलाच नाही.

शोकसभेला व्यायामशाळेतल्या पोरांनी तो पत्रा रंगवून आणला. हंबीररावाचं चित्र, खाली छाती पन्नास, कंबर तेहतीस, दंड अठरा. केरबा वस्ताद ताडकन उठले. "मेल्या मानसाची खोटी मापं लावू नगासा. त्यो सोता पावणेअठरा सांगायचा. बाबालालनं अठरा सांगू दे, मी माझ्या हातानं हार घालतो."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. गप्प बसलो असतो तर माझी इज्जत राहिली असती आणि त्याचा बोर्ड गेला असता.

"अठरा," मी म्हणालो. "अठरा आनि वर दोराभर. एकाहत्तर साली, दसऱ्याच्या आदल्या रविवारी. मी खोटं बोललो. अठरा झाला म्हटल्यावर ह्यो माझ्याकडं कशाला येतोय, असं वाटलं मला. कापड शिवायला न देता माझ्याजवळ बसनारा ह्यो एकलाच हुता. म्हनून बारा वर्सं पाव इंच खाल्ला मी त्येचा."

मग केरबा वस्तादांनी येऊन मला मिठी मारली. त्यांचे डोळे भरले होते. "लबाडा! दोस्तापायी समद्यांम्होरं खोटं बोललास व्हय? दोस्त असावा तर असा!"

"अहो, खरं हाय ते!" मी ओरडलो.

"व्हय व्हय, खरं हाय," ते माझी पाठ थोपटत म्हणाले. मी जितका ओरडलो तितके लोक रडले. वस्तादांनी हार घातला.

माझं काही समाधान होईना. तो गेला ते पाव इंच कमी आहे असं समजूनच गेला, आणि ते माझ्यामुळं. सभा संपल्यावर मी त्याच्या घरी गेलो. "वैनी, माझ्याकडनं लई मोठं पाप झालंय."

शालूवहिनींनी ट्रंक उघडली आणि एक टेप काढून माझ्या हातात दिली. पिवळी, टोकाला माझ्याच दुकानातला लाल दोरा बांधलेली.

"तुमचीच हाय, भावजी. त्या दसऱ्याच्या वक्ताला खिशात घालून आनलेली. घरी आल्या आल्या मला माप घ्याय लावलं. अठराच्या वर भरला की."

"मग भांडला का न्हाय माझ्यासंगं?"

"मी बी त्येच म्हटलं. जावा, भांडा, बोर्ड लावा. तर म्हनले, 'गप बस. बाबालालला कळू दिऊ नगंस. अठरा झाला म्हटलं तर मला चहाला कोन बसवंल?'"

बारा वर्षं त्यानं केरबा वस्तादांची टिंगल ऐकली, पत्र्यावर पापड वाळू दिले, आणि दर रविवारी चेहरा पाडून दाखवला. तोही किती सुंदर पाडायचा!

"चोर लेकाचा," मी म्हणालो, आणि उंबऱ्यावर बसून पोरासारखा रडलो.

शालूवहिनींनी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.