पापणीचा रंग

आमची भोपळी मेंढी शेडच्या तोंडाशी आडवी पडली होती आणि दादा तिच्याशेजारी उकिडवा बसला होता. मी आले तरी त्यानं मान वर केली नाही, नुसतं बोट दाखवलं. तिच्या जबड्याखाली मुठीएवढी पाण्याची पिशवी लोंबत होती. पोटातले जंत रक्त पीत राहिले की मेंढीला अशी सूज येते, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"काल हिची पापणी बघितलीस ना?" दादानं विचारलं.

"सगळ्यांच्याच बघितल्या. एकही फिकी नव्हती. तुझ्यासमोरच सांगितलं की."

"मग ही काय झोप काढतेय?"

माझं डोकं सटकायला फार काही लागत नाही. दादा मला लहानपणापासून मिरचीच म्हणतो, आणि तो माझ्याहून मोठा असला तरी मी त्याला कधी सोडत नाही. पण भोपळीनं एक डोळा किलकिला केला, परत मिटला, आणि भांडायचं राहूनच गेलं.

आमची बोली झाली होती, तीही वहिनीला साक्षीला ठेवून. आप्पा गेल्यापासून कळप आम्हा दोघा भावंडांचा. दादाचं काम आप्पांच्याच पद्धतीनं चालायचं: पावसाळा लागला की सगळा कळप रांगेला लावायचा आणि एकीलाही न वगळता जंताचं औषध पाजायचं. पूर्वी एका ओल्या साली अर्धा कळप जंतांनी संपवला होता. ते दादानं डोळ्यांनी पाहिलं होतं, मी तेव्हा पाळण्यात होते. त्यामुळे पाजायची पिचकारी हातात असली की त्याला धीर यायचा. पण पाजून पाजून एक औषध लागू पडेनासं झालं, मग दुसरं. आता एकच उरलं होतं.

आमच्या गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी लेंड्या तपासल्या आणि दादाला समोर बसवून झापलं. "सगळ्यांना पाजता तेव्हा मरतात ते लेचेपेचे जंत. बेरकी तेवढे उरतात आणि मग त्यांचीच पिल्लावळ वाढते. थोडे साधे जंत जगू द्या, म्हणजे बेरक्यांचं राज्य होणार नाही. जिचं रक्त कमी झालंय, तिलाच पाजा. खालची पापणी उलटून बघा, लाल असेल तर सोडून द्या, पांढरी पडली असेल तर पाजा. हे शेवटचं औषध गेलं, तर माझ्याकडे यायचं कारण नाही. माझ्याकडेही काही नसेल."

ते मी मनावर घेतलं. गवत चार बोटांवर आलं की कळप पुढच्या तुकड्यात हलवायचा, कारण जंतांची पिल्लं गवताच्या बुडाशीच असतात. आणि वरचेवर पापण्या बघायच्या. दादा म्हणाला, "एक हंगाम तुझा. पण जंतानं एक जरी मेंढी दगावली, तरी त्यापुढे माझा शब्द. मी सगळ्यांना पाजणार, आणि तू मध्ये पडायचं नाही." मी म्हटलं, कबूल. तोऱ्यात म्हटलं होतं.

आता तोरा कुठला. दादा उठला, घरात गेला, आणि औषधाची बाटली नि पिचकारी घेऊन आला. मागोमाग वहिनी फोन कानाला लावून. "डॉक्टरीणबाई दुपारनंतर येतायत," तिनं सांगितलं. "पडलेलीला आत्ता पाजा म्हणतात. ओढाताण करू नका, तेवढ्यानंही जीव जाईल."

दादानं भोपळीचं तोंड हलकेच उघडलं आणि जिभेच्या मागे औषध सोडलं. तिनं गिळलं. मग त्यानं पिचकारी परत भरली आणि शेडच्या आतल्या कळपाकडे वळला.

मी दारात आडवी आले. "थांब. ही अजून जिवंत आहे. आणि ही जंतानं पडलीय कशावरून?"

"मिरचे, जबडा बघ तिचा!"

"सूज दुसऱ्या कशानंही येते. पापणी लाल आहे तिची. ये, बघ."

मी गुडघ्यावर बसले आणि भोपळीची खालची पापणी ओढली. लाल, अगदी कालच्यासारखीच. दादा वाकला, त्यानं डोळे बारीक करून पाहिलं, आणि पिचकारी खाली ठेवली. मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! मेंढी मरायला टेकलीय आणि मला हायसं वाटतंय, याची लाजसुद्धा वाटली नाही.

"मग हिला झालंय तरी काय?" दादा म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता.

"आधी हिला मोकळ्या हवेत नेऊ," वहिनी म्हणाली. "इथं कोंदट आहे."

आम्ही तिघांनी गोणपाटावर घेऊन तिला अंगणात आणलं. ती चांगली तगडी मेंढी, पण उचलताना वजन लागलं नाही. उन्हात ठेवली तेव्हा वहिनीनं सहज तिची पापणी खाली केली, आणि "अगं बाई" म्हणून तोंडावर हात ठेवला.

पापणी पांढरी होती. फिकट नाही, गुलाबीही नाही, चक्क पांढरी.

मी परत ओढून पाहिली. दुसऱ्या डोळ्याची पाहिली. मग वळून शेडकडे पाहिलं. शेडच्या तोंडाशी, जिथं मी मेंढ्या धरून तपासते, तिथं आठवड्यापूर्वी नवी ताडपत्री लागली होती. लालभडक. वहिनी टोपली उचलायला तिच्याखाली गेली, तर तिची पांढरी ओढणी गुलाबी झाली.

ती ताडपत्री दादानंच बांधली होती. मी उन्हात तासन्‌तास उभी राहते, चक्कर येऊन पडेन म्हणून. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की उघड्यावर, स्वच्छ उजेडात बघा. सावलीतही लख्ख दिसतंय, म्हणून मी खुशाल बघत राहिले. त्या ताडपत्रीखाली तर चुन्याची भिंतसुद्धा लाल दिसली असती.

दादाच्याही लक्षात आलं. त्यानं ताडपत्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी तुझ्यासाठीच..." एवढंच तो म्हणाला.

"माहितीय मला!" मी खेकसले. चूक माझी होती आणि ओरडत होते त्याच्यावर, पण तेव्हा दुसरं काही जमेना. "उभा काय राहिलास? एकेक बाहेर काढ."

दादा मेंढी उन्हात आणायचा, मी पापणी उलटायचे. पहिली लाल. दुसरी पांढरट. तिसरी लाल, चौथी लाल, पाचवी भोपळीइतकीच पांढरी. कोकरांत तर फिक्यांचाच भरणा होता. फिकी निघाली की वहिनी तिला पाजून डावीकडच्या कुंपणात घालायची, लाल निघाली की उजवीकडे.  दर थोड्या वेळानं मी भोपळीकडे बघत होते. तिचं पोट वरखाली होत होतं, मग कमी कमी होत गेलं.

निम्मा कळप झाला असेल नसेल. दादा तिच्याजवळ जाऊन बसला, मानेखाली हात घातला, आणि म्हणाला, "गेली."

मला रडू आलं नाही. भीती वाटली. ही पापणी मी काल बघून सोडली होती, मग बाकीच्यांचा काय भरवसा? आता ज्यांना लाल म्हणून उजवीकडे घालतेय, त्यांच्यातली उद्या कोण आडवी पडेल?

"दादा," मी म्हटलं, "तूच खरा. पाज सगळ्यांना. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही राहिला."

त्यानं ऐकलं की नाही कळेना. तो उठला आणि उरलेल्या मेंढ्या आणत राहिला, शेवटच्या मेंढीपर्यंत. मग वहिनीच्या हातातली पिचकारी घेतली, पुरती भरली, आणि उजवीकडच्या कुंपणात शिरला. मी मागे उभी होते, मध्ये पडायचं नाही असं कबूल केलेली.

त्यानं एक मेंढी पकडली. पिचकारी तिच्या तोंडाशी नेली, आणि थांबला. तिला वळवून तोंड उन्हाकडे केलं, पापणी उलटली. सोडली. दुसरी धरली, तिचीही पाहिली. तिसरी धरली.

"हिला या हंगामात काही पाजलंय?" त्यानं विचारलं.

"थेंब नाही."

"आणि हिला?"

"हिलाही नाही."

"त्याच गवतावर चरलीय ना ही? भोपळीबरोबरच?"

"मग काय वेगळं ताट वाढतो आपण?"

त्यानं त्या मेंढीची पापणी पुन्हा एकदा उलटून पाहिली. मी म्हटलं, "दादा, पाज म्हटलं ना. उद्या अजून एखादी गेली तर मला सहन होणार नाही."

"आता शब्द कुणाचा?" त्यानं विचारलं.

"तुझा."

"नक्की?"

"तुझाच रे! बोली होती तशी. एक मेंढी गेली, मी हरले. अजून किती वेळा म्हणवून घेणार आहेस?"

"मग गप बस आणि ऐक," दादा म्हणाला. "या न पाजताही लाल आहेत. यांना नाही पाजायचं."

त्यानं पिचकारीतलं औषध थेंबही न सांडता परत बाटलीत ओतलं आणि बूच लावलं. बूच त्याच्या हातून दोनदा निसटलं. वहिनी पुढे झाली, पण त्यानं तिला करू दिलं नाही.

मला आता रडू आलं. रागही आला. आयुष्यभर याच्याशी भांडून जे मिळवलं नाही, ते मी हरल्यावर हा देत होता, आणि नेमकं तेव्हाच मला ते नको होतं.

उजवीकडच्या मेंढ्या ताज्या गवताच्या वासानं फाटकाशी दाटल्या होत्या. दादा फाटकापर्यंत गेला, कडीला हात लावला, आणि तसाच उभा राहिला.

"मिरचे, तू उघड," तो म्हणाला. "औषध न पाजता त्यांना सोडायचं, मला माझ्या हातानं नाही जमत."

मी डोळे पुसले, पुढे झाले आणि फाटक उघडलं.