मितेशच्या चषकाचा नारळ

माझं डोकं लवकर तापतं, अख्ख्या कोपरखैरणे गावाला ठाऊक हाय. त्या दिवशी तर तापायलाच पाहिजे होतं.

माझा मितेश मोबाईलवरच्या पत्त्यांच्या जुगारात पुरता बुडाला आनि एका दुपारी खोलीतून जिवंत बाहेर आलाच नाही. त्या ॲपचं नाव मी तोंडानं घेत नाही. गावच्या पोरांनी त्याच्या नावानं क्रिकेटची टुर्नामेंट सुरू केली. आमच्यात रीत हाय, ज्याच्या नावाचा चषक, त्याच्या आईनं पिचवर नारळ फोडायचा. तोवर एकही खेळाडू आत पाय टाकत नाही.

दिल्लीत जुगारबंदीचा कायदा झाला तेव्हा माझा चुलत दीर धर्मराज, मंडळाचा अध्यक्ष, ढोल वाजवत दारात आला होता. "वयनी, मितेशला न्याय मिळाला!" नाक्यावर बॅनर लावला, त्यात मितेशपेक्षा याचाच फोटो मोठा. आनि मी येडी, त्याला पेढा भरवला!

मग त्या परदेशी ॲपवाल्यांचा देश आपल्यावर चिडला. आमचा धंदा बंद करता काय, म्हनून आपल्या कोळंबीवर जबर कर बसवला. धर्मराजचा शेजारच्या पावणे गावात कोळंबी सोलून परदेशी धाडायचा कारखाना. माल बर्फात पडून राहिला आनि याची भाषाच बदलली. कायदा सैल करा म्हनत पुढाऱ्यांच्या मागं दिल्लीला जाऊन आला. पुढच्या अधिवेशनात दुरुस्ती येनार, असं सांगत गावभर फिरला.

यंदा मी नारळ घेऊन मैदानावर गेले. टेबलावर चषक. त्यावर मितेशचं नाव बोटाएवढं, आनि त्याच्या डोक्यावर त्याच ॲपचं चिन्ह. खाली लिहिलेलं, पिन्याचं पानी.

"धर्मा, हे काय रे?"

"पान्याची कंपनी हाय वयनी, कायद्यात बसतं. त्यांचे साहेब आलेत. दोन्ही देशांची बोलनी चालू हायत, जरा गोडीनं घ्या."

"गोडीनं? मेल्या, माझ्या पोराच्या मढ्यावर जाहिरात लावतोस?"

"हळू बोला, साहेब बघतायत."

"बघू दे की! त्यांनाच बघायला आनलाय ना माझा पोरगा?"

त्यानं माझ्या हातातला नारळ हिसकला आनि स्वतःच पिचवर आपटला. नारळ फुटला. "चला रे, आत या!" पोरं दोरीपाशीच उभी. कॅप्टन केतन म्हनाला, "काका, आईनं नाही फोडला."

माझ्या काळजाला जरा थंडावा मिळाला. तेवढ्यात बायांतून सुमित्राबाई पुढं आली. माझी शेजारीन, मितेश गेला तेव्हा महिनाभर माझ्या उशाशी बसलेली. कारखान्यात कोळंबी सोलायची. तिच्या हातात दुसरा नारळ होता.

"विमल, फोड गं. कारखाना बंद झाल्यापासून घरात बसलेय. हे साहेब खूश झाले तर कर उठेल, काम मिळेल. मितेश तर गेला, आमी जिवंत हाय ना?"

तिच्यावर मात्र मला ओरडता येईना. रडूच आलं. पन हात नारळाकडं गेला नाही. मी चषक उचलला, पदराखाली घेतला आनि घराकडं चालू लागले.

सुमित्राबाई माझ्याशी बोलत नाही आता. भिंतीला भिंत लागून हाय, तिचं खोकनंसुद्धा ऐकू येतं. चषक माझ्या घरात हाय. ते चिन्ह मी विळीनं खरवडून काढलंय.