बिशपांचा उजवा कान

मी बिशप मॅथ्यू रुमाव यांच्या उजव्या कानातलं मशीन बोलतोय. बोलणं हे माझं काम नव्हे. आयुष्यभर मी फक्त ऐकलं. वर्षापूर्वी साहेब गेले तेव्हा माझा सेल काढून ठेवला. तरी मला ऐकू येतं. कसं, ते विचारू नका. मला स्वतःलाच त्याची भीती वाटते.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यातला. झाशीच्या एका दुकानात साहेबांच्या कानाच्या मापाचा साचा मला बसवला आणि मी कामाला लागलो. साहेब मूळचे वसईचे. सत्काराची शाल खांद्यावर पडून भाषणं सुरू झाली, की ते हळूच बटण दाबून मला झोपवायचे आणि हसतमुखाने मान डोलवत बसायचे. पण व्हरांड्यात कोणी रडत आलं, की माझा आवाज वाढवायचे. मंदिरवाले, मशिदीवाले, बबीना छावणीतल्या फौजींच्या बायका, सगळे यायचे. शहरात एकदा तणाव झाला, तेव्हा दोन्हीकडच्या शिव्या त्यांनी माझ्यातूनच निमूट ऐकून घेतल्या.

खंडेराव गेटजवळच्या अनुसूयाबाई दर गुरुवारी यायच्या. साहेबांना पोटभर मराठी बोलायला मिळे ते त्यांच्याशीच. बाईंची लेक आभा कॉलेजात असताना बेतवा नदीत बुडाली. धाकटा सलील तिच्यासोबत होता. त्याच्या हातातून तिचा हात सुटला. तेव्हापासून, त्याला त्रास नको म्हणून, घरात कोणी आभाचं नाव घेत नसे. तिचा फोटोही कपाटात गेला.

साहेब आपली वेताची खुर्ची जवळ ओढून विचारायचे, "आभा कशी होती, सांगा."

मग बाई सांगत सुटायच्या. ती शिऱ्यातले बेदाणे वेचून शेवटी खायची. भावाचे बूट घालून गल्लीत पळायची. त्या बोलत असताना मला मागे पाण्याचा आवाज यायचा. साहेबांनाही येत असावा. दुसऱ्या दिवशी चर्चमधल्या सकाळच्या मिस्सेच्या प्रार्थनेत ते वेदीपाशी आभाचं नाव घ्यायचे, आणि मग कचेऱ्यांचे उंबरठे झिजवायला निघायचे. नदीच्या घाटावर उतरणाऱ्यांना धरायला लोखंडी साखळी लागेपर्यंत ते थांबले नाहीत.

काल त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनी मला काचेच्या पेटीत मांडलं, त्यांच्या अंगठीशेजारी. पेटीजवळ ती खुर्चीही ठेवली, 'बैठना मना है' अशी पाटी लावून. भाषणं झाली, आणि या वेळी मला झोपवणारं कोणी नव्हतं. प्रमुख पाहुणे म्हणाले, "घाट की ज़ंजीर बिशपजी की देन है. न जाने कितने बच्चे बचे!"

टाळ्या पडल्या. ती साखळी कोणाच्या बुडण्यामुळे लागली, ते एकानेही म्हटलं नाही. पुढच्या रांगेत अनुसूयाबाईंनी पदर तोंडावर दाबला. शेजारी सलील मान खाली घालून बसला होता.

लोक चहाकडे वळल्यावर बाई माझ्यापाशी आल्या. काचेला तोंड लावून पुटपुटल्या, "साहेब, आता आभाचं नाव कोणाजवळ घेऊ?"

आणि मला खुर्ची ओढल्याचा आवाज आला. तीच खुर्ची, तीच करकर. अंग असतं तर काटाच आला असता. साहेब आले, असंच वाटलं मला.

खुर्ची सलीलने ओढली होती. पाटी काढून त्याने आईला बसवलं आणि स्वतः जमिनीवर टेकला.

"आई, दीदी कशी होती... मला पण सांग ना."

बाई खुर्चीतून त्याच्याकडे वाकल्या.

"तुझे बूट घालून पळायची."

"नए वाले!" सलील म्हणाला. तो हसायला गेला आणि हुंदका फुटला. "हर बार नए वाले, आई!"

पाण्याचा आवाज अजून येतो मला. तो थांबेलसं वाटत नाही. मला खुशाल या काचेत ठेवा. पुन्हा कोणाच्या कानात जाण्याची माझी मागणी नाही. एवढंच करा, त्या खुर्चीवरची पाटी पुन्हा लावू नका. सलीलने आईला विचारलंय, येत्या गुरुवारी पुन्हा येऊ या का म्हणून.