संत पेपिनाची ओटी

मृणालीने विंगेतून सातव्यांदा डोकावून पाहिलं. दहा महिन्यांची रेवा सासूबाईंच्या मांडीवर होती, कानटोपी डोक्यावर होती आणि कानटोपीचा बंद रेवाच्या तोंडात होता. बंद घशात गेला तर?

"पोरगी रडली आणि प्रयोग थांबला," दिग्दर्शक हितेंद्रने सकाळीच बजावलं होतं, "तर जळगावच्या स्पर्धेत तुझ्या जागी चारुलता. तिला तुझे संवाद पाठ आहेत."

बाळंतपणानंतरची ही पहिलीच भूमिका. तेव्हापासून मृणाली कपडे वाळत घालताना सोडून कुठेच गायली नव्हती.

नाटक मूळ इटलीचं, गाण्यांचं आणि विनोदी. नैवेद्याचा केक सरपंच फस्त करतो, म्हणून चर्चमधली संत पेपिना पुतळ्यातून उतरते आणि रुसून गाव सोडते. दुसऱ्या अंकात तिच्यावाचून गावाचे हाल. स्पर्धेआधीचा सराव म्हणून आज सोनगीरला प्रयोग होता.

पहिल्या अंकाचं शेवटचं गाणं सुरू झालं. निळा झगा सावरत मृणालीची संत पेपिना पाठ फिरवून निघाली. आई चालली, हे रेवाने पाहिलं. भोंगा लागला.

"लहान लेकरू बी रडी ऱ्हायनं, आन ही चालनी!" बायकांत कुजबुज झाली.

सासूबाई, म्हणजे बेबाबाई, उठल्या. रेवाला काखेत मारून थेट रंगमंचावर चढल्या. नटराजाच्या पूजेतला नारळ आणि कलशाखालचे मूठभर गहू त्यांनी उचलले.

"माय, रिकामी जाऊ नको. वटी भरस तुनी."

"आई, मी आहे, मृणाली!" ती ओठ न हलवता म्हणाली.

"मले माहीत शे. पन आते तू देवी शे. पदर कर."

पदर कर म्हटल्यावर हात थांबतात थोडेच! झगा पुढे झाला. त्यात नारळ पडला, गहू पडले, वर रेवाही ठेवली गेली. ती क्षणात गप्प. मग बेबाबाई चक्क सुनेच्या पाया पडल्या.

"अखंड सौभाग्यवती भव," मृणाली घाबरून पुटपुटली. तिसऱ्या रांगेतल्या सासऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पाठोपाठ बायकांची रांगच लागली. कुणी केळी घातली, कुणी पर्समधला ब्लाऊजपीस. आता ओटी घेतलेली बाई रुसून जाणार कशी? पेटीवाल्याने कुणालाही न विचारता शेवटचं आनंदाचं गाणं सुरू केलं. संत पेपिना बाळ कडेवर घेऊन चर्चमध्ये परतली, आणि सगळं गोड झालं म्हणून प्रेक्षक उठून घरी गेले.

विंगेत हितेंद्र दुसऱ्या अंकातलं गाढवाचं डोकं धरून उभा होता.

"प्रयोग थांबला नाही हं," मृणाली घाईघाईने म्हणाली. "संपला."

हितेंद्रने रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, मग गाढवाकडे.

"जळगावला तूच. पण सासूबाईंना बाल्कनीत बसवायचं."

रंगमंचावर गहू वेचणाऱ्या बेबाबाईंनी मान वर केली.

"बालकनीले जिना शे ना?"