कपाटातली वही

आमच्या वॉर्डातून वर्षभरात पाच नर्स नोकरी सोडून गेल्या. कारण मला पक्कं ठाऊक होतं: हल्लीच्या मुलींना कष्ट नकोत. वॉर्डाची इन्चार्ज मीच, त्यामुळे नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणायचा पहिला मानही माझाच.

शिवाय माझा कारभार किती चोख आहे, याचा पुरावा होता माझ्याजवळ. ड्युटीचा तक्ता लागण्याआधी जिला सुट्टी हवी तिने एका वहीत लिहायचं, असा नियम मीच काढला होता. वही वर्षभर कोरी. "कुणाची काही मागणीच नाही," असं म्हणत मी ती मेट्रनबाईंना दाखवूनही आले होते, स्वतःची पाठ थोपटत.

सोमवारी सकाळी भिंगरीने माझ्यापुढे राजीनामा ठेवला. ही घटकाभर एका जागी थांबत नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. जी शीर मला चष्मा लावूनही दिसत नाही, तिथे हिची सुई पहिल्या खेपेला लागते. ही गेली की वॉर्ड बसलाच. हे कळत होतं, पण तोंड कुठलं ऐकतंय!

"तूसुद्धा? काय कमी पडलं गं तुला?"

"गुरुवारी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तीनदा सुट्टी मागितली मी तुमच्याकडे."

"मग वहीत लिहायचं ना!"

"वही कुठेय मॅडम?"

"कपाटात."

"आणि कपाटाची किल्ली?"

माझा हात आपोआप कमरेला गेला. किल्ली तिथेच होती. मी मीटिंगला जाते, जेवायला जाते, घरी जाते, किल्ली माझ्याबरोबर. वही बाहेर ठेवली की पेन गायब होतं, म्हणून मीच ती कुलपात ठेवली होती.

कपाट उघडलं. पहिल्या पानावर माझंच वळणदार अक्षर: 'आपली अडचण मोकळेपणाने लिहावी.' भिंगरीने वाचलं आणि तिला हसू आवरेना. मला लाज वाटली, अगदी खरी. पाच जणी गेल्या, त्यातल्या एकीलाही मी 'का जातेस' म्हणून विचारलं नव्हतं.

"गुरुवारी जा तू. तुझी ड्युटी मी करते."

"सलाईन लावायला जमेल?"

"न जमायला काय झालं!"

तिने राजीनाम्याची घडी घालून खिशात ठेवली. "बघू," म्हणाली.

गुरुवारी माझी सुई तिसऱ्या खेपेला लागली. खाटेवरचे आजोबा कळवळून म्हणाले, "शिकाऊ आहात का हो?" माझे निम्मे केस पांढरे आहेत. "हो, आजपासूनच," मी म्हणाले.

शुक्रवारी भिंगरी आली तेव्हा वही टेबलाशेजारी खिळ्याला टांगलेली होती, पेन दोरीने बांधून. मी विचारलं, "आईचा डोळा कसा आहे?"

"छान आहे." ती वहीकडे बघत म्हणाली, "दोन वर्षांत पहिल्यांदाच घरचं काही विचारलंत."

मग तिने खिशातून राजीनामा काढला आणि माझ्या हातात दिला. माझा चेहरा खर्रकन उतरला.

"हा कपाटात ठेवा मॅडम," ती म्हणाली, "आणि कुलूप लावा. तिथे गेलेलं काही परत बाहेर येत नाही."